मदत हवी आहे: ब्लोअरच्या पीटीओ शाफ्टला कव्हरच नव्हतं, डिझाइनचा दोष कसा सिद्ध करायचा?

बेदाणा:
नमस्कार. तासगाव तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनीची (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) ब्लोअरने, म्हणजे ट्रॅक्टरवर चालणाऱ्या फवारणी यंत्राने, फवारणी चालू असताना आबांच्या (माझे चुलते) खांद्यावरचा टॉवेल पीटीओ शाफ्टने (ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद ब्लोअरला देणारा फिरता दांडा) ओढला, सोबत हातही गेला. कोपराखाली दोन ठिकाणी मोडला. मिरजेत दोन ऑपरेशनं झाली, प्लेटा बसवल्या. शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. "हात काढून घ्यायचा की" म्हणणाऱ्या पाहुण्यांनी हे एकदा मोजून बघावं.

ब्लोअर चार महिन्यांचा. कव्हर आम्ही काढलेलं नाही, ते आलंच नव्हतं. टाकीवर इंग्रजीत एक स्टिकर, बस्स. कंपनीचं उत्तर: फिरत्या शाफ्टजवळ जाऊ नये हे कुठल्याही शेतकऱ्याला कळतं, आणि यंत्रात काही तुटलेलं नाही. तुटलं नाही हे खरंच आहे, माझी अडचण तीच. यंत्र आराखड्याबरहुकूम बनलंय, आराखडाच धोक्याचा.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 चं कलम 84 वाचलं. डिझाइन सदोष असेल तर उत्पादक जबाबदार, एवढंच आहे. सदोष कशाला म्हणायचं ते नाही. अमेरिकेत दोन कसोट्या दिसतात. एक, सामान्य माणूस जेवढी सुरक्षितता गृहीत धरतो तेवढी वस्तूत आहे का. दुसरी, धोका किती, तो टाळायला खर्च किती, आणि जास्त सुरक्षित डिझाइन शक्य होतं का. पहिलीत आम्ही पडणार, कारण उघडा शाफ्ट बघायची डोळ्यांना सवयच झालीय. दुसरीत कंपनी अडकते: त्यांच्याच मोठ्या मॉडेलला प्लास्टिकचं कव्हर येतं! सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे कोणती मांडू? आणि कलम 87 मध्ये उघड धोक्याची सूचना दिली नाही तरी कंपनीला सवलत आहे, तिचं काय? बिल वडिलांच्या नावावर आहे.

काळा कोट:
दोन्ही मांडा. 1978 साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बार्कर विरुद्ध लल इंजिनिअरिंग खटल्यात दोन्ही कसोट्या मान्य केल्या. उतारावर लाकूड उचलणारा लोडर कलायला लागला, चालकाने उडी टाकली आणि लाकूड त्याच्या अंगावर आलं. न्यायालय म्हणालं, एका कसोटीवर नापास झालं तरी डिझाइन सदोष. शिवाय डिझाइनमुळे इजा झाली एवढं जखमीने दाखवलं, की फायदा धोक्यापेक्षा जास्त होता हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर. आपल्या आयोगावर हे बंधनकारक नाही, पटवायला उपयोगी आहे.

आपल्याकडचा 2022 चा ह्युंदाई क्रेटाचा निकाल वाचा, एअरबॅग न उघडल्याचा. ग्राहक म्हणजे वेग आणि बलाची गणितं करणारा भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. पण एअरबॅग उघडेल ही अपेक्षा सगळ्यांची असते, तुमच्या शाफ्टचं उलटं आहे. म्हणून भर दुसऱ्या कसोटीवर ठेवा. मोठ्या मॉडेलचा कॅटलॉग आजच मिळवा, उद्या तो बदललेला असेल.

कलम 87 चा शेवट सावकाश वाचा. उघड धोक्याची सूचना दिली नाही, एवढ्यापुरतीच ती सवलत आहे. डिझाइनच्या दोषाला ती लागू नाही. कंपन्या मुद्दाम दोन्हींची सरमिसळ करतात.

बिलाची काळजी नको. घेणाऱ्याच्या संमतीने वापरणाराही ग्राहकच, आणि पोटापाण्याची शेती हा व्यापारी हेतू ठरत नाही. मुदत दोन वर्षं. ब्लोअर मात्र आहे तसा ठेवा, बदल केलात तर कंपनी त्यावरच बोट ठेवेल.

बेदाणा:
घोळ झालाय, वकीलसाहेब. जानेवारीत गॅरेजमध्ये पत्र्याचं कव्हर वेल्ड करून घेतलं. घरचे त्याशिवाय ट्रॅक्टरजवळ जाऊ देईनात.

काळा कोट:
आधीचे फोटो आहेत? कव्हरला खर्च किती आला?

बेदाणा:
फोटो दुसऱ्या दिवशीचेच आहेत, शाफ्टला टॉवेलचे धागे गुंडाळलेले. खर्च साडेआठशे, मजुरीसकट.

काळा कोट:
मग बिघडलं नाही. बदलाची सवलत आहे ती इजा झाली त्या वेळी यंत्रात बदल केलेला असेल तर, तुमचा नंतरचा आहे. गॅरेजवाल्याकडून तारखेचं पक्कं बिल घ्या आणि तक्रारीला जोडा. साडेआठशे रुपयांत जे काम गॅरेजमध्ये झालं, ते कारखान्यात का झालं नाही, याचं उत्तर कंपनीला देऊ दे.