तुमच्या घरची रेकॉर्ड कुठे अडकते?

बाबांचं कपाट आवरायला घेतलंय. ८३ एलपी म्हणजे मोठ्या रेकॉर्ड, पंचवीसेक ईपी म्हणजे छोट्या, आणि तळाला साडीच्या जुन्या खोक्यात लाखेच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, जुन्या) काही. भाऊ म्हणतो विकून टाकू, आता सगळं फोनवर आहे की. आहे, मान्य. पण परवा फोनवर 'कॉल ऑफ द व्हॅली' लावलं, १९६७ ची एलपी, शिवकुमारांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, तबल्याला माणिकराव पोपटकर, तर दुसऱ्या बाजूला देस राग रंगात येतो तिथे माझे कान आपोआप टवकारले आणि खट्ट आलंच नाही. आमच्या रेकॉर्डवर तिथे ओरखडा आहे. मी सहा वर्षांची असताना बाबा दाढी करत होते तेव्हा मी पिनचा हात ओढला होता. बाबा ओरडले नाहीत, गालाला साबण तसाच, रेकॉर्ड खिडकीशी तिरकी धरून बघत राहिले नुसते. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग पुढे कितीतरी वर्षं आम्ही त्या खट्टसकटच ऐकलं, आणि आता ते गुळगुळीत पुढे जातं तेव्हा मला जिन्याची पायरी चुकल्यासारखं होतं.

तर सांगा आपापल्या एखाद्या रेकॉर्डची गोष्ट. शास्त्रीयच पाहिजे असं काही नाही. फक्त 'केवढ्याला जाईल' विचारू नका, ते विचारायला भाऊ आहे.

----

मी बार्शीकडचा. मामाचं एसटी स्टँडसमोर चहाचं हॉटेल होतं आणि तिथे पॉलीडोरची 'शोले'ची एलपी, गाण्यांची नाही हं, डायलॉगची. एक हाफ चहा घेऊन माणूस बाजू संपेपर्यंत उठायचा नाही म्हणून मामा वैतागायचा, आणि बंद केली की गिऱ्हाईकच फिरकायचं नाही. मी पिक्चर बघायच्या आधी दोन वर्षं नुसता ऐकलाय, त्यामुळे माझ्या डोक्यातला गब्बर म्हणजे आमच्या बैलबाजारातल्या एका दलालासारखा, धोतर आणि पिळदार मिशी. अमजद खान बघून वाटलं हा नव्हेच. बरं, रेकॉर्ड एका ठिकाणी अडकायची, मग मामा गल्ल्यावरूनच टेबलावर बुक्की मारायचा आणि ती पुढे सरकायची. पुढे तंबूत पिक्चर आला तेव्हा तो डायलॉग आल्याबरोबर पुढे बसलेल्या आम्ही पाचसहा पोरांनी जमिनीवर एकदम बुक्की मारली. आजूबाजूच्यांना काय झालं कळेना.

----

आमच्या आजीकडे चावीचा फोनो होता. ७८ च्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, तेच आजीचं घड्याळ. पिठलं एका बाजूत, भात दोन रेकॉर्डी उलटसुलट लावून होईपर्यंत. "बालगंधर्व संपले का रे? मग झाकण काढ." सुया छोट्या पत्र्याच्या डबीत, डबीवर तो भोंग्यापुढे बसलेला कुत्रा, आणि बाजू बदलली की सुई बदलायची, आजी म्हणायची तीच सुई परत लावली तर गाणाऱ्याचा घसा बसतो. लहानपणी खरंच वाटायचं. (अर्धं खरंच आहे, ती पोलादी सुई एका बाजूतच झिजते आणि मग रेकॉर्ड खाते.) चावी द्यायचं काम माझं, मी खेळात रमलो की हिराबाई बडोदेकरांचा हळूहळू पार बुवा व्हायचा आणि आतून हाक यायची.

घर बदलताना टेम्पोत कोणीतरी गादीखाली ठेवल्या आणि वर बसलं. ह्या लाखेच्या, एलपीसारख्या वाकत नाहीत, पापडासारख्या मोडतात. सात गेल्या. आजीने तुकडे सुपात गोळा केले, टाकले मात्र नाहीत, देवघराच्या खालच्या खणात वर्षभर तरी होते. तिथे कशाला हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

----

लग्नात माहेरून एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेयर मिळाला, रेकॉर्ड एकही नाही :) दोन महिने नुसता पुसून ठेवायचो. मग एक ईपी घेतली, पुढे दोन मागे दोन अशी चार गाणी. आठ महिने तीच चार. शेवटी वरच्या मजल्यावरच्या काकू स्वतःची एक एलपी घेऊन खाली आल्या, म्हणाल्या ही ठेवा पण ती आता बदला.

----

पुण्याच्या जुन्या बाजारात (बुधवार-रविवारचा, मंगळवार पेठेकडचा) 'पाकीजा' मिळाली, दीडशे रुपयांत. घरी येऊन बघतो तर कव्हरच्या आत पेन्सिलने "मे ७९. शेजारून आणली. परत करणे." आणि 'परत करणे'खाली दोन रेघा. दोन रेघा मारून माणूस चाळीस वर्षं बसला. मी फंगस काढायला साबणाच्या पाण्याने धुतली रेकॉर्ड, लेबलला पाणी न लावता, पण त्या कव्हरला हात लावायची हिंमत होत नाही, मीच ती कोणाला तरी परत करायची राहिलीय असं वाटतं.

----

वरचं वाचून चेक केलं. आमच्याकडे परत न केलेल्या दोन निघाल्या. एकीवर चक्क समोरच्या वाड्यातल्या वाचनालयाचा शिक्का. वाचनालय रेकॉर्डी द्यायचं हेच मला माहीत नव्हतं.

----

मी म्हापशाची. आमचे पप्पा तारवटी, म्हणजे खलाशी, बोटीवरून येताना प्लेयर घेऊन आले होते, पण रेकॉर्डी सगळ्या इथल्या, कोंकणी गाण्यांच्या. क्रिस पेरींचं म्युझिक आणि लोर्नाचा आवाज, त्यातलं 'बेबदो' तुम्हाला माहीत असेल, बेबदो म्हणजे बेवडा. माझा एक काका रोज रात्री झोकांड्या खात यायचा आणि त्याची चाहूल लागली की आई मुद्दाम हेच लावायची. काकाला बिचाऱ्याला वाटायचं स्वागताला लावलंय, अंगणातच नाचायचा. मग लोर्ना कितीतरी वर्षं गायचीच थांबली. १९९५ ला 'हॅलो लोर्ना' आलं तेव्हा काकाने पिणं सोडून बरीच वर्षं झाली होती. कॅसेट दोन्ही बाजूंनी शांतपणे ऐकली आणि आईला विचारलं, वहिनी, ते माझं नाही ह्यात?

----

न्यू जर्सीहून. 'शिवकल्याण राजा' १९७४ ची, राज्याभिषेकाला ३०० वर्षं झाली तेव्हाची, लताबाई, हृदयनाथ आणि निवेदनाला बाबासाहेब पुरंदरे. आम्ही साड्यांच्या घडीत घालून आणली. इकडे मुलगा झाला, घराबाहेर सगळं इंग्लिश, मराठी म्हणजे आम्ही दोघं आणि ही रेकॉर्ड, ती पण रोज जेवताना. पाच वर्षांचा असताना पुण्याला गेलो तर हा आजीकडे दूधसुद्धा गड सर केल्याच्या आवाजात मागायचा, मध्ये थांबून, दम घेऊन. सासूबाई आधी दचकल्या, मग आल्यागेल्याला मुद्दाम ऐकवायला लागल्या. आता तो चाळिशीचा आहे. ऑफिसच्या कॉलवर मराठीत दोन वाक्यं बोलायची वेळ आली की अजून तोच आवाज लागतो त्याचा.

----

आमच्याकडे कॅसेट आल्यावर अर्ध्या रद्दीत आणि उरलेल्या आत्याने गरम पाण्यात बुडवून वाडगे केले. मासिकात वाचून. भोकातून शेंगदाणे पडतात. जास्त बोलत नाही.

----

धागा सुरू करणारीच आहे परत. भावाला हे सगळं वाचायला दिलं. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, तो देसमधला ओरखडा तुझा नाहीये. तू हात ओढलास ते खरं, पण आधल्या रविवारी बाबा बाजारात गेलेले तेव्हा मी कंपासने खरवडून बघितलं होतं, रेघेच्या आत गाणं असतं म्हणतात तर दिसतं का म्हणून. तू ओढलंस आणि मी सुटलो.

म्हणजे इतकी वर्षं मी गुन्हेगार. आता कळलं ह्याला विकायची एवढी घाई का होती.