झंस्कारची घळ: ट्रेक आणि राफ्टिंग एकाच ट्रिपमध्ये जमेल का?

मुक्ता_नाशिक:
नमस्कार मंडळी, पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये लडाखला जाऊन झंस्कार नदीच्या घळीतून पदुम ते निम्मू राफ्टिंग करायचं मनात आहे, आणि नुसतं बोटीत बसून यायचं नाही तर थोडं चालायचंही आहे. आम्ही चौघं, सगळे चाळिशीच्या आसपासचे. सह्याद्रीत वर्षभर भटकणं चालू असतं, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड वगैरे झालंय, पण राफ्टिंगचा अनुभव म्हणाल तर फक्त कोलाडची कुंडलिका. आमच्यातल्या एकीला पोहता येत नाही. आधी ट्रेक करावा की आधी नदी? कोलाडच्या अनुभवावर हे झेपेल का? आणि घळीतून आता रस्ता झालाय म्हणतात, मग जाण्यात मजा उरलीय का? जाऊन आलेल्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

रानवाटा:
आधी चाला, मग नदीत उतरा. हा क्रम अजिबात उलटा करू नका, कारण चालताना शरीर उंचीला रुळतं आणि तुम्ही जी नदी उतरणार आहात ती कुठून येते तेही कळतं. पदुमजवळ दोन नद्या मिळतात, पेन्सी ला खिंडीकडून येणारी दोडा (तिला स्तोदही म्हणतात) आणि पूर्वेकडून येणारी त्साराप म्हणजे लुंगनाक, तिथून पुढे ती झंस्कार. त्सारापच्या काठाने फुगतालच्या गोंपापर्यंत (बौद्ध मठापर्यंत) जरूर चालत जा. पुर्ने गावापर्यंत गाडी जाते, पुढे दोनेक तास पायवाट, एका बाजूला कडा आणि खाली खळाळतं पाणी. एका वळणावर अचानक समोर दिसतो तो गोंपा, डोंगराच्या पोटात भली मोठी गुहा आणि तिच्या तोंडाशी कड्याला धरून एकावर एक चढवलेल्या पांढऱ्या खोल्या. चोमा द कोरोश हा हंगेरियन अभ्यासक १८२० च्या दशकात इथे राहून तिबेटी शिकत होता, त्याच्या नावाची पाटी आहे तिथे. पुर्नेत होमस्टेमध्ये एक रात्र राहा, घाईघाईत त्याच दिवशी पदुमला परतू नका. जाताना शक्यतो कारगिलहून सुरू खोऱ्यातून पेन्सी लावरून जा, द्रांग-द्रुंग हिमनदी रस्त्यावरूनच दिसते आणि दोडा तिच्यातूनच निघते. म्हणजे हिमनदीपासून निम्मूजवळच्या सिंधूच्या संगमापर्यंत पाण्याबरोबर जाणं होतं. मला विचाराल तर या ट्रिपचा खरा आनंद तोच आहे.

पाणवेडा:
राफ्टिंगचं मी सांगतो. कुंडलिका आणि झंस्कार यांची तुलना करू नका कारण पाण्याचं वागणंच वेगळं आहे. कोलाडला भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सोडलं की सकाळी नदी भरते, दोन-तीन तासांत खेळ संपतो, पाणी कोमट, काठावर झाडी आणि गाव जवळ. झंस्कारचं पाणी बर्फ वितळून येतं, त्यामुळे ऊन चढलं की वितळणं वाढतं आणि ते पाणी खाली पोचेपर्यंत दुपार उलटते, संध्याकाळी तंबू पाण्यापासून चांगला वर लावावा लागतो. थंडी इतकी की वेटसूट घालूनही पडलात तर पहिले काही क्षण श्वास घेता येत नाही. पदुमकडचा सुरुवातीचा भाग रुंद आणि शांत आहे, पाण्याशी ओळख तिथे करून घ्यायची, पुढे घळ सुरू झाली की कडे जवळ येत जातात, नेरक गावाच्या खाली तर नदी अगदी चिंचोळी होते आणि तिथले रॅपिड (खळाळते उतार) ग्रेड ४ पर्यंत जातात, ग्रेड जितका जास्त तितकं पाणी अवघड. जुलैअखेर ते ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पाणी सगळ्यात जोरात असतं, तुमच्या अनुभवाला ऑगस्टचा शेवट बरा.

पोहता न येणाऱ्या मैत्रिणीबद्दल स्पष्टच लिहितो, पूर्ण एक्स्पिडिशन तिने करू नये. लाइफ जॅकेट तरंगवतं हे खरं, पण पाण्यात पडल्यावर पाठीवर होऊन पाय पुढे करायचे, तोंडात पाणी गेलं तरी घाबरायचं नाही आणि दोर फेकला की धरायचा, हे पाण्याची सवय नसलेल्याला त्या थंडीत जमत नाही. अजून वर्ष हातात आहे, तिला पोहायला शिकवा. नाहीतर तिच्यासाठी चिलिंग ते निम्मूचा एका दिवसाचा टप्पा आहे, ग्रेड २-३, तोही त्याच घळीचा शेवट आहे आणि संगमाला दोन रंगांचं पाणी एकमेकांत मिसळताना तिलाही बघायला मिळेल. बुकिंग करताना सेफ्टी कयाक (पडलेल्याला उचलायला सोबत चालणारी छोटी बोट) असते का आणि सामानाची बोट वेगळी असते का, हे दोन प्रश्न विचाराच. कयाक नसेल तर दुसरीकडे बघा, दर कितीही कमी असो.

शुभदाताई:
उंचीबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे, विमानाने उतरलात तर पहिले दोन दिवस काही करू नका, खरंच काही नाही, शांती स्तूपाच्या पायऱ्यासुद्धा नकोत. कळसूबाई साडेसोळाशे मीटरच्या आसपास संपतं, त्यामुळे सह्याद्रीतला दम इथे कामाचा असला तरी पुरेसा नाही. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घ्यायची असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. डोकं दुखतंय, मळमळतंय आणि तरी कोणी पुढे चला म्हणत असेल तर ऐकू नका.

मुक्ता_नाशिक:
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. मैत्रिणीने आजच पोहण्याच्या क्लासची चौकशी केलीय! पण रस्त्याचं काय? रानवाटा, तुम्ही रस्ता व्हायच्या आधी गेला होतात का?

रानवाटा:
हो, आधीही आणि नंतरही. निम्मूहून पदुममार्गे हिमाचलातल्या दारचा गावाला जाणारा रस्ता २०२४ मध्ये जोडला गेला, आणि घळीत बऱ्याच ठिकाणी तो नदीतून दिसतो, कड्याला कापलेली रेघ आणि खाली घसरलेला दगडांचा ढीग. ते बघून मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण हिवाळ्यात पेन्सी ला बंद झाली की तिथल्या लोकांना लेहला जायला गोठलेल्या नदीवरची चादर हीच वाट होती, पोरांना शाळेत सोडायला बाप बर्फावरून दिवसच्या दिवस चालायचे, आजारी माणसाला तसंच न्यायचे. आपल्या चार दिवसांच्या एकांतासाठी त्यांनी तसंच राहावं असं मी म्हणू शकत नाही. आणि पाण्याच्या पातळीवरून वर बघाल तेव्हा घळ अजूनही तुम्हाला गिळते, उभे तिरके वळलेले खडकांचे थर, तांबडे, जांभळे, हिरवट, गाडीच्या काचेतून ते असे दिसत नाहीत. म्हणून जा, आणि आत्ताच जा. वाळूच्या काठावर कॅम्प कराल तिथला सगळा कचरा, टिश्यूपेपरसुद्धा, सोबत बाहेर आणा, पुढच्या पुराची वाट बघू नका.

पाणवेडा:
+१ कचऱ्याबद्दल. अजून एक, बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घेऊन जा, आणि घळीत तेही चालणार नाही असं घरी आधीच सांगून ठेवा.