शब्दचर्चा : सर्बियनमध्ये ‘इंटरनेट नाही’ कसे म्हणावे?

प्रश्न

मी सध्या सर्बियन भाषा शिकत आहे. मोबाइल, संगणक आणि इंटरनेट यांविषयीचे साधे संवाद वाचताना ‘इंटरनेट नाही’ एवढ्याच मराठी वाक्यासाठी तीन निरनिराळी वाक्ये आढळली : ‘नेमाम इंतेर्नेत’, ‘नेमा इंतेर्नेता’ आणि ‘ने रादी मि इंतेर्नेत’. दुसऱ्या वाक्यात नामाच्या शेवटी ‘आ’ का येतो, आणि ही वाक्ये एकमेकांच्या जागी वापरता येतात का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर

तिन्ही वाक्ये शुद्ध आहेत, परंतु ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. आधी लेखनाविषयी थोडे. वूक कराजिच यांच्या लेखनसुधारणेपासून (त्यांचा शब्दकोश 1818 साली निघाला) सर्बियनमध्ये जसे बोलावे तसेच लिहिण्याची रीत आहे, त्यामुळे परकी नावेही उच्चाराप्रमाणेच लिहिली जातात आणि ती देवनागरीत आणणे फारसे अवघड जात नाही. अडचण येते ती ‘च’ची. ‘राचुनार’ म्हणजे संगणक, यातला ‘च’ आपल्या ‘चहा’तला आहे, ‘चाक’मधल्या ‘च’च्या जवळ जाणारा त्यांचा उच्चार मी ‘त्स’ असा लिहितो, उदाहरणार्थ ‘त्सेना’ म्हणजे किंमत. (चार्जरला ‘पुन्याच’ म्हणतात. मराठी कानाला क्षणभर पुण्याची आठवण होते, पण संबंध काही नाही. ‘पुनिती’ म्हणजे भरणे, त्यावरून तो शब्द आला आहे.)

आता मूळ मुद्दा. एखादी गोष्ट आपल्यापाशी असणे हे सांगण्यासाठी मराठीत स्वतंत्र क्रियापद सहसा वापरत नाहीत. आपण ‘माझ्याकडे फोन आहे’, ‘मला वेळ आहे’, ‘मला दोन भाऊ आहेत’ असे म्हणतो, म्हणजे क्रियापद ‘असणे’ हेच राहते आणि मालक विभक्तीने दाखवला जातो. सर्बियनमध्ये या सगळ्यासाठी ‘इमाती’ हे सकर्मक क्रियापद आहे. ‘इमाम तेलेफोन’ या वाक्यात ‘मी’ हा कर्ता क्रियापदाच्या रूपातच दडलेला असून फोन हे कर्म आहे. नकारदर्शक ‘ने’ या क्रियापदात मिसळून जातो आणि ‘नेमाम’ हे रूप तयार होते. म्हणून ‘नेमाम इंतेर्नेत’ याचा अर्थ मी इंटरनेटची जोडणी घेतलेली नाही, किंवा माझ्या फोनवर या क्षणी ते नाही, असा होतो. येथे ‘इंतेर्नेत’ द्वितीयेत आहे. पुल्लिंगी निर्जीव नामाची द्वितीया प्रथमेसारखीच दिसत असल्याने शब्दाचे रूप बदललेले वाटत नाही.

‘नेमा’ हे रूप वरकरणी तृतीय पुरुषाचे, म्हणजे ‘त्याच्याकडे किंवा तिच्याकडे नाही’ असे आहे. मात्र ‘नेमा इंतेर्नेता’ या वाक्याला कर्ताच नाही. येथे ‘नेमा’ केवळ अस्तित्वाचा अभाव सांगतो, आणि ज्याचा अभाव आहे ती वस्तू षष्ठीत जाते : ‘नेमा स्त्रुये’ म्हणजे वीज नाही, ‘नेमा सिग्नाला’ म्हणजे सिग्नल नाही. आपण विचारलेला शेवटचा ‘आ’ हाच षष्ठीचा प्रत्यय आहे आणि तो गाळला की अर्थ बदलतो. ‘नेमा इंतेर्नेत’ म्हटले तर ऐकणारा ‘कोणाकडे नाही?’ असे मनात विचारील, आणि ‘नेमा इंतेर्नेता’ म्हटले तर सहसा ‘येथे इंटरनेट नाही’ असे समजेल.

या दोन वाक्यांतला फरक वर्तमानकाळात एका स्वरापुरताच असतो, पण भूतकाळात तो लपत नाही. ‘नेमाम’चा भूतकाळ ‘निसाम इमाओ’ असा होतो आणि स्त्रीने बोलताना ‘निसाम इमाला’ असा. म्हणजे क्रियापद ‘इमाती’ हेच राहते. कर्ता नसलेल्या ‘नेमा’चा भूतकाळ मात्र ‘असणे’ या अर्थाच्या दुसऱ्याच क्रियापदाकडे वळतो : ‘युचे निये बिलो इंतेर्नेता’, काल इंटरनेट नव्हते. यातले ‘बिलो’ नपुंसकलिंगी एकवचनी आहे. ‘स्त्रुया’ (वीज) हे नाम स्त्रीलिंगी असूनही ‘निये बिलो स्त्रुये’ असेच म्हणावे लागते. मराठी वाचकाला हे चमत्कारिक वाटण्याचे कारण नाही, कारण ‘रामाने रावणाला मारले’ या भावे प्रयोगात आपलेही क्रियापद कोणाशीच न जुळता नपुंसकलिंगी एकवचनात थांबते.

तिसरे वाक्य वेगळ्या प्रसंगाचे आहे. ‘रादिती’ म्हणजे काम करणे, त्यामुळे ‘ने रादी मि इंतेर्नेत’ म्हणजे जोडणी आहे, पण चालत नाही. सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार करायची असेल तर हेच वाक्य वापरावे. तेथे ‘नेमाम इंतेर्नेत’ म्हटल्यास नवी जोडणी हवी आहे असा समज होऊ शकतो. यातला ‘मि’ म्हणजे मराठीतला कर्ता ‘मी’ नव्हे. तो चतुर्थीचा आघातहीन शब्द असून येथे ‘माझे’ एवढा अर्थ देतो. असे शब्द वाक्यातील पहिल्या पदाला चिकटून दुसऱ्या जागी बसतात : ‘बातेरिया मि से इस्प्राझ्निला’, माझी बॅटरी संपली.

उपप्रश्न

सविस्तर उत्तराबद्दल आभार. मग ‘नेमाम व्रेमेना’ (मला वेळ नाही) आणि ‘नेमाम क्रेदिता’ (फोनमध्ये बॅलन्स नाही) या वाक्यांत ‘नेमाम’ असूनही षष्ठी कशी आली?

उत्तर

येथे षष्ठी परिमाणाची आहे. वेळ, पैसा, बॅलन्स यांसारख्या, मोजून एक-दोन न म्हणता येणाऱ्या गोष्टी ‘जराही नाहीत’ असे सांगताना कर्म षष्ठीत जाते. फोन ही मोजता येणारी वस्तू असल्याने साध्या बोलण्यात ‘नेमाम तेलेफोन’ असेच म्हणतात. इंटरनेट या दोहोंच्या मध्ये पडते आणि म्हणूनच ‘नेमाम इंतेर्नेत’ व ‘नेमाम इंतेर्नेता’ ही दोन्ही वाक्ये कानावर येतात. दुसऱ्यात ‘अजिबात नाही’ ही छटा अधिक. होकारार्थी प्रश्नातही हाच भेद उपयोगी पडतो. कॅफेत ‘इमा लि ओव्दे वाय-फाया?’ असे विचारले तर ‘येथे वायफाय मिळते का?’ असा अर्थ होतो, आणि ‘इमाते लि वाय-फाय?’ हा प्रश्न थेट समोरच्या व्यक्तीला, ‘तुमच्याकडे आहे का?’ असा असतो. पासवर्डला औपचारिक शब्द ‘लोझिंका’ आहे, पण अशा ठिकाणी लोक सहसा ‘शिफ्रा’ विचारतात.

पुरवणी

वरील चर्चेत शब्दयोगी अव्ययांचा उल्लेख राहिला आहे, तो जोडतो. आपण ‘इंटरनेटवर जा’ आणि ‘इंटरनेटवर आहे’ या दोन्हींत ‘इंटरनेटवर’ हेच रूप वापरतो. सर्बियनमध्ये ‘ना’ हे अव्यय दोन्हीकडे तेच असले, तरी जाण्याच्या अर्थी द्वितीया (‘ना इंतेर्नेत’) आणि असण्याच्या अर्थी सप्तमी (‘ना इंतेर्नेतु’) लागते. ‘ना तेलेफोनु’ म्हणजे फोनवर, पण कोणाचा क्रमांक फोनमध्ये साठवलेला असेल तर ‘उ तेलेफोनु’. मोबाइलला नुसते ‘मोबिल्नी’ म्हणतात. हे मुळात विशेषण असल्याने त्याची विभक्तीही विशेषणासारखीच होते, म्हणून ‘ना मोबिल्नोम’. ‘इंटरनेटवरून’ यासाठी मात्र पुन्हा षष्ठीच येते, कारण आपल्या पंचमीचे कामही तीच करते : ‘स्किनुती स इंतेर्नेता’, इंटरनेटवरून उतरवून घेणे. ‘स्किनुती’चा मूळ अर्थ अंगावरचे कपडे उतरवणे असा आहे, औपचारिक लेखनात त्याऐवजी ‘प्रेउझेती’ लिहितात.

संख्यावाचकांनंतरही सावध राहावे. दोन, तीन आणि चार यांनंतर नामाचे जे रूप येते ते षष्ठी एकवचनासारखे दिसते आणि पाचापासून षष्ठी बहुवचन येते. ‘द्वा तेलेफोना’, ‘पेत तेलेफोना’ यांत हा फरक लेखनात दिसत नाही, पण ‘पोरुका’ (संदेश) हे स्त्रीलिंगी नाम घेतले की तो उघड होतो : ‘द्वे पोरुके’, ‘पेत पोरुका’.

पुल्लिंगी एकवचनी सजीव नामाची द्वितीया षष्ठीसारखी होते, जसे आपण ‘मांजराला पाहिले’ म्हणतो पण ‘खुर्ची पाहिली’ म्हणतो. आता संगणकाच्या माउसला सर्बियनमध्येही उंदीरच, म्हणजे ‘मिश’ म्हणतात. तो निर्जीव असूनही बोलीत ‘कुपिओ साम नोवोग मिशा’ (मी नवा माउस विकत घेतला) असे सजीवाचे रूप सर्रास ऐकू येते. ज्यांना ते खटकते त्यांनी ‘नोवी मिश’ म्हणावे.