शाळेच्या ग्रंथपालाने पुढे जायचं म्हणजे ग्रंथालय सोडायचं?

पानखूण

आमच्याकडे वर्षअखेरीला शिक्षकसभा असते. वर्षभरात कोण काय नवीन शिकलं, कोणत्या प्रशिक्षणाला गेलं, ते प्रत्येकाने सांगायचं. गेली १९ वर्षं मी त्या सभेत बसते आहे. माझी पाळी आली की प्रश्न एकच: "बाई, मोजदाद झाली का?"

मोजदाद झालेली असते. दाखल नोंदवही पूर्ण असते, बाद करायच्या पुस्तकांची यादी तयार असते. पण त्याच वर्षी मी नववीच्या मुलांसमोर एकाच घटनेच्या तीन बातम्या ठेवून, कुठलं विधान कशाच्या आधारावर केलंय हे शोधायला शिकवलेलं असतं. त्याबद्दल कुणी विचारत नाही, कारण ते ग्रंथपालाचं काम आहे हेच कुणाच्या मनात नाही.

गेल्या महिन्यात माझी एक मैत्रीण ग्रंथालय सोडून प्रशासकीय पदावर गेली. कोणत्या मुलाच्या हातात कोणतं पुस्तक द्यावं याची जाण तिच्याइतकी मी कुणात पाहिली नाही. आता ती हजेरीपत्रकं तपासते. शिक्षकाला वरिष्ठ शिक्षक होता येतं, विभागप्रमुख होता येतं, आणि तरी वर्गावर जाता येतं. आम्ही ज्या पदावर लागलो त्याच पदावर निवृत्त व्हायचं, नाहीतर तिच्यासारखं उठून जायचं.

मला वाटतं, शालेय ग्रंथपालांसाठी ग्रंथालयाच्या आतच पायऱ्या असाव्यात. सुरुवातीला संग्रह आणि देवघेव नीट सांभाळणं. त्यानंतर शिक्षकांबरोबर पाठ आखणं आणि ते घेणं. अनुभव जमला की आसपासच्या शाळांतल्या नव्या ग्रंथपालांना हाताशी धरून शिकवणं. पुढची पायरी कुणाला द्यायची ते पाठ पाहून, मुलांचं काम पाहून ठरवावं, आणि पाहणारा स्वतः ग्रंथपाल असावा. शाल, श्रीफळ आणि वर्षातून एक पुरस्कार याने काही होत नाही. पुरस्कार एकाला मिळतो, पायरी सगळ्यांना चढता येते.

खडूधारी

ताई, तुमची तळमळ समजते, पण मी सहमत नाही.

मी इतिहास शिकवतो. माझ्या वर्गाचा निकाल लागला नाही तर पालक मला जाब विचारतात. वह्यांचा गठ्ठा घरी नेतो, परीक्षेच्या दिवसांत मध्यरात्रीपर्यंत पेपर तपासतो. बढती मिळते ती या जबाबदारीची. ग्रंथालयाचा निकाल कुणी लावत नाही. मग पायरी कशाच्या जोरावर द्यायची?

तुम्ही नववीला शिकवलंत ते मोलाचं आहेच. पण ते अध्यापन आहे. मग अध्यापनाची पात्रता घ्या, शिक्षक म्हणून रुजू व्हा आणि ग्रंथालय सांभाळा. ऑस्ट्रेलियात शिक्षक-ग्रंथपाल ही कल्पना रुजलेली आहे: आधी शिक्षक, त्यावर ग्रंथालयशास्त्राचं शिक्षण. शिक्षकाच्या सगळ्या पायऱ्या आपोआप मिळतील. वेगळा जिना बांधायची गरजच काय?

शब्दांगण

खडूधारी सर, दोन्ही पात्रता असणं चांगलंच. पण "शिक्षकानेच ग्रंथालय सांभाळावं" हे कायद्यात लिहून काय होतं ते जपानमध्ये दिसलं आहे. तिथे १९५३ सालापासून शालेय ग्रंथालयांचा स्वतंत्र कायदा आहे. त्यात शिक्षक-ग्रंथपालाचं पद होतं, पण बराच काळ ते न भरण्याची मुभा होती. १९९७ साली कायदा बदलला आणि २००३ पासून बारा किंवा त्याहून जास्त वर्ग असलेल्या शाळांना हे पद भरणं बंधनकारक झालं. ते दिलं कुणाला? वर्गावर पूर्ण वेळ शिकवणाऱ्या शिक्षकालाच. हाती पद आलं, पण त्या पदाला वेळ मिळाला नाही. दार उघडणं, पुस्तक शोधून देणं, मुलांशी बोलणं ही रोजची कामं शालेय ग्रंथालय कर्मचारी करत राहिले. त्यांचा कायद्यात उल्लेख यायला २०१४ ची दुरुस्ती उजाडावी लागली.

म्हणजे तुमच्या वाटेने गेलं तर मान शिक्षक म्हणून मिळेल आणि ग्रंथालय उरलेल्या वेळात चालेल.

जुना फळा

मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. आधी एक कबुली देतो. माझ्या कारकिर्दीत मी ग्रंथपालांना एकदाही प्रशिक्षणाला पाठवलं नाही. कारण साधं होतं: ते गेले तर ग्रंथालय बंद ठेवावं लागे, आणि गैरहजर शिक्षकांचे बदली तास घ्यायला माणूस उरत नसे. मुलांना ग्रंथालयात नेऊन बसवा, हा माझा ठरलेला हुकूम. आज त्याचं वाईट वाटतं.

पण पानखूण ताईंच्या योजनेत एक अडचण आहे. शाळेत शिक्षक तीस असतील तर वरच्या जागांसाठी त्यांच्यात तुलना होऊ शकते. ग्रंथपाल एकटाच. त्याला पुढची पायरी द्यायची की नाही हे मी ठरवलं तर मला त्या कामातलं कळत नाही. दुसऱ्या शाळेच्या ग्रंथपालाने ठरवलं, तर आज तू माझा पाठ चांगला म्हण, उद्या मी तुझा म्हणतो, असं होणार. हे मी शिक्षकांच्या परस्पर पाठनिरीक्षणात पाहिलेलं आहे. रकाने भरले जातात, वर्गात काही बदलत नाही.

८९१.४६

मीही शाळेत ग्रंथपाल आहे (माझं इथलं नाव म्हणजे मराठी साहित्याचा ग्रंथालयीन वर्गांक), आणि मला ही पायरी नको आहे.

मागे आमच्याकडे कुणाच्या तरी डोक्यात आलं की ग्रंथपालाचंही मूल्यमापन व्हावं. मोजायचं काय? दरमहा किती पुस्तकं दिली गेली तो आकडा. दोन महिन्यांत माझं वागणं बदललं. सातवीतली एक मुलगी जाडजूड कादंबरी तीन आठवडे वाचत होती आणि मी मनातल्या मनात हिशेब करत होतो की हिने तेवढ्यात पाच पातळ पुस्तकं नेली असती. त्या दिवशी मला स्वतःची फार लाज वाटली.

आणखी एक मुलगा होता. मधल्या सुट्टीत यायचा, खिडकीजवळच्या कपाटाला टेकून बसायचा. वर्षभर त्याने एकही पुस्तक घरी नेलं नाही. बाहेर त्याला त्रास देणारी मुलं होती, हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्याच्यासाठी ग्रंथालय म्हणजे दार बंद करता येणारी एकमेव खोली होती. तुमच्या कुठल्या पायरीवर, कुठल्या पाठाच्या टाचणात त्या मुलाची नोंद होईल? आणि मी ती का करावी? त्याने माझ्यावर विश्वास ठेवला होता.

मला एक मदतनीस द्या, देवघेव तो बघेल. ग्रंथालयाच्या तासाला बदली तास लावू नका. पगार शिक्षकाइतका करा. एवढं झालं की माझा मान राखला गेला. पायऱ्या आल्या की त्या दाखवायचं काम येतं, आणि दाखवायच्या कामात मुलं मागे पडतात.

आठवीची आई

मी बाहेरची, म्हणजे पालक. पालकसभेत आजवर सगळ्या विषयशिक्षकांना भेटले, ग्रंथपालांना कधीच नाही. त्यांना टेबल-खुर्ची मांडून दिलेलीच पाहिली नाही. माझी मुलगी काय वाचते, काय वाचायचं सोडते, हे वर्गशिक्षकांपेक्षा त्यांना जास्त माहीत असणार. पुढच्या सभेत मी विचारणार आहे.

पानखूण

८९१.४६, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आकड्यांबद्दल तुमचं शंभर टक्के खरं आहे. पुस्तकं किती गेली यावर कुणाचंही मोल ठरू नये. आणि खिडकीजवळच्या मुलाची नोंद कुठेही होऊ नये, कधीच नाही.

पण "मला माझ्या खोलीत शांतपणे काम करू द्या" हे मला पटत नाही. आपलं सगळ्यात मोठं दुखणं एकटेपणाचं आहे. शाळेत गणिताचे चार शिक्षक असतात. एकाचं अडलं की दुसरा सांगतो. मी वर्गीकरणात चुकले तर ती चूक वीस वर्षं कपाटात तशीच राहते, कारण ती पाहू शकणारं दुसरं कुणी इमारतीत नाही. पाठ घेताना चुकले तर तेही नाही.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणाऱ्या रंगनाथन यांचं उदाहरण मला इथे फार जवळचं वाटतं. ते गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत त्या एकट्या, सुन्या कामाला इतके कंटाळले की परत शिकवायला जाऊ द्या म्हणून मागे लागले. मग त्यांना अभ्यासासाठी लंडनला पाठवलं गेलं. तिथे त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे धडे घेतले, कितीतरी ग्रंथालयं आतून पाहिली, दुसरे लोक हेच काम कसं करतात ते पाहिलं. परतले ते आयुष्यभरासाठी ग्रंथपाल होऊन. त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम १९३१ साली छापून आले. त्यातला शेवटचा, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, आपण सगळे परीक्षेसाठी पाठ करतो. संस्था वाढायची आणि ती चालवणारा माणूस तिथेच राहायचा, हे कसं जमेल? त्यांना कुणीतरी पाठवलं, म्हणून पुढचं सगळं घडलं. आपल्याला कोण पाठवतं?

दुसरं उदाहरण कॅरल कुलथाउ यांचं. त्या अमेरिकेत शाळेच्याच ग्रंथपाल होत्या. प्रकल्पासाठी येणारी हुशार मुलंसुद्धा सुरुवातीच्या उत्साहानंतर मध्येच गोंधळतात, खचतात, हे त्यांनी टेबलामागून पाहिलं. त्यावर संशोधन केलं आणि दाखवून दिलं की माहिती शोधताना मधल्या टप्प्यावर अनिश्चितता वाढते. ते मुलाच्या कमकुवतपणाचं लक्षण नसून शोधाचाच भाग आहे, आणि मदतीची खरी गरज नेमकी तिथेच असते. विद्यापीठांत आज हे शिकवलं जातं. मूळ निरीक्षण शाळेच्या ग्रंथालयातलं. तुम्हीही असं काहीतरी रोज पाहत असाल. ते तुमच्याबरोबर निवृत्त होऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

जुना फळा सर, परस्परस्तुतीची भीती रास्त आहे. म्हणून पाहणाऱ्यांत एक ग्रंथपाल आणि एक विषयशिक्षक असावा, दोघेही दुसऱ्या शाळांतले, आणि दर वेळी वेगळे.

खडूधारी

शब्दांगण, जपानची माहिती मला नव्हती. ती वाचून "शिक्षकाने जमेल तसं ग्रंथालय सांभाळावं" हे मी मागे घेतो. माझ्या म्हणण्याचा अर्थ तसा होत होता, हे मान्य.

पण मूळ प्रश्न मी सोडलेला नाही: जबाबदारी कशाची? ग्रंथपाल असलेल्या शाळांतली मुलं जास्त गुण मिळवतात, हे दाखवायला अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातला १९९३ चा, संशोधक कीथ करी लान्स यांचा अभ्यास नेहमी पुढे केला जातो. त्यांनी गरिबीसारखे घटक हिशेबात घेतले होते, हे खरं. तरीही तो सहसंबंधच. ज्या शाळा ग्रंथपाल ठेवतात त्या इतर बाबतींतही मुलांकडे जास्त लक्ष देत असतील. माझ्या विद्यार्थ्याने असा पुरावा दिला तर मी समासात "कारण की योगायोग?" असं लिहीन.

शब्दांगण

लिहाच, हरकत नाही. पण मग हाच नियम सगळ्यांना लावा. मुलाला इतिहासात पंच्याऐंशी गुण पडले, त्यात तुमचे किती, शिकवणीचे किती, घरातल्या पुस्तकांचे किती, हे कुणी वेगळं काढलंय का? तरी तुमची पायरी कुणी अडवत नाही, आणि अडवूही नये. शिक्षकाला गृहीत धरून मान मिळतो, ग्रंथपालाला पुरावा आणून द्यावा लागतो. हा फरकच या धाग्याचा विषय आहे.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. इंग्लंडमध्ये तुरुंगात ग्रंथालय असणं नियमाने बंधनकारक आहे, शाळेत नाही. युनेस्को आणि इफ्ला (ग्रंथालय संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) यांनी शालेय ग्रंथालयांचा जाहीरनामा १९९९ साली काढला. ग्रंथपाल व्यावसायिक पात्रतेचा असावा आणि त्याने शिक्षकांच्या बरोबरीने काम करावं, असं त्यात स्पष्ट आहे. पण जाहीरनाम्याने कुणाचं वेळापत्रक बदलत नाही.

८९१.४६

पानखूण, "माझ्याबरोबर निवृत्त होऊ नये" हे वाक्य लागलं. मला निवृत्तीला चार वर्षं आहेत. माझ्याजवळ एक वही आहे. कोणत्या पुस्तकानंतर मूल कोणत्या पुस्तकाकडे वळलं याच्या नोंदी, मुलांची नावं न लिहिता. ती कुणाला द्यायची, याचा मी कधी विचारच केला नव्हता. मूल्यमापनाला माझा विरोध कायम आहे. पण नवीन ग्रंथपाल माझ्याकडे आठ दिवस येऊन बसणार असेल तर मी आनंदाने शिकवीन, त्यासाठी मला कुठली पायरी नको.

पानखूण

तुम्हाला नको असेल. पण तो नवा ग्रंथपाल तुमच्याकडे आठ दिवस यायचा तर त्याच्या शाळेने ते कामाचे दिवस धरायला हवेत, आणि तुमच्या शाळेने तुमचा तो वेळ मोजायला हवा. नाहीतर तो सुट्टी काढून येईल आणि तुम्ही जेवणाच्या सुट्टीत शिकवाल. पायरी म्हणजे माझ्या डोक्यात हेच आहे. आठ दिवस कागदावर येणं.

खडूधारी सर, तुम्हाला एक विनंती. उद्या तुमच्या शाळेतल्या ग्रंथपालांना विचाराल का, त्यांचं शेवटचं प्रशिक्षण कधी झालं?

खडूधारी

विचारलं. आमच्या ग्रंथपाल बाई जरा वेळ आठवत राहिल्या. अकरा वर्षांपूर्वी, म्हणाल्या. देवघेवीची संगणक-प्रणाली बसवली तेव्हा ती विकणाऱ्या माणसाने दोन तास बसून बटणं दाखवली होती. त्याआधीचं काही त्यांना आठवेना.

मग त्यांनीच मला विचारलं, दहावीच्या प्रकल्पांचे विषय ठरले का, म्हणजे पुस्तकं आधी काढून ठेवता येतील. विषय तीन आठवड्यांपूर्वीच ठरले होते. त्यांना सांगायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

अध्यापनाच्या पात्रतेबद्दल माझं मत तेच आहे. विषयांची यादी मात्र देऊन आलो.