कोर चालू करायला सगळे, परत करायला कोण?

खाजनवाला
काल इथे एकाने लिहिलं होतं: "मागणीनुसार प्रोसेसर ही विक्रेत्याची युक्ती आहे. मशीन घेतानाच सगळे कोर चालू करून घ्या, निदान झोप तरी लागेल." बऱ्याच जणांनी त्याला दुजोराही दिला. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आयबीएमच्या पॉवर सर्व्हरमध्ये जादा कोर, म्हणजे प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग, बसवलेले येतात, पैसे फक्त चालू केलेल्यांचे. लागतील तेव्हा बाकीचे चालू करायचे, हाच 'मागणीनुसार प्रोसेसर'. आमच्या बँकेला जादा ताकद लागते ती तिमाहीच्या शेवटी आणि ३१ मार्चच्या आसपास. तेवढ्या दिवसांसाठी वर्षभराचे कोर, त्यांची देखभाल आणि कोरवर मोजलं जाणारं सगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं, याला शहाणपण कोण म्हणेल?

योजना ठीक आहे, बेशिस्त आपली आहे. ऑन-ऑफ, म्हणजे थोड्या दिवसांसाठी भाड्याने चालू केलेले कोर, मोजतात प्रोसेसर-दिवसांत. तासाभरासाठी कोर चालू केला तरी पूर्ण २४ तास धरले जातात. मुदत संपली आणि कोर एलपारमध्येच (सर्व्हरचा वेगळा काढलेला भाग, त्यावर स्वतंत्र सिस्टम चालते) अडकलेला असला, तर तो "परत न केलेला" म्हणून नोंदला जातो आणि आकारणी चालूच राहते. तारीख उलटली की तो आपोआप बंद होतो, असं समजणारे मला आजही भेटतात. आधी डीएलपारने (एलपार चालू असतानाच त्याचे कोर बदलायची सोय) एलपारमधून कोर काढा, वाढवलेली एंटायटलमेंट, म्हणजे एलपारचा हक्काचा वाटा, खाली आणा, मग एचएमसी या सर्व्हर सांभाळायच्या कन्सोलवरून परत करा. चालू करण्याच्या चेंज तिकिटावरच (बदलाच्या मंजुरीची नोंद) परत करणाऱ्याचं नाव आणि वेळ हवी. ती नसेल तर सही करू नका.

रातपाळी
खाजनवालेबाब, नाव होतं. २०२२ ची चवथ आठवते? ३१ ऑगस्टला आली, म्हणजे नेमकी महिनाअखेर. आमच्या वेर्ण्याच्या कारखान्यात महिन्याच्या हिशेबासाठी आदल्या दिवशी कोर चालू केले. तिकिटावर ज्याचं नाव होतं तो पेडण्याला गावच्या घरी, गणपतीसमोर. त्या वाड्यावर मोबाइलला रेंज नाही. रात्री पाळीवर आम्ही होतो, पण आमच्या लॉगिनला एचएमसीवर फक्त बघायचा अधिकार. विसर्जन होऊन माणसं परत येईपर्यंत कोर चालूच. बिल आल्यावर मॅनेजर ओरडला कोणावर? रातपाळीवर.

माणसाने जागं राहावं या भरवशावर उभी असलेली योजना गोव्यात चतुर्थीला, शिगम्याला, नाताळला कोसळणारच. कालच्या माणसाचं बरोबर आहे. विकत घ्या आणि मोकळे व्हा.

शेवंती
तुम्ही दोघं हार्डवेअरच्या बिलावर भांडताय. खरा खर्च डेटाबेसच्या लायसन्सचा, त्याचं कुणी नावही काढत नाही. ओरॅकलच्या कोर-फॅक्टर तक्त्यात, म्हणजे लायसन्स मोजताना कोरला ज्याने गुणतात त्या आकड्यांच्या तक्त्यात, आत्ताच्या पॉवर प्रोसेसरला १, इंटेलच्या झिऑनला ०.५. म्हणजे पॉवरवर वाढलेला प्रत्येक कोर पूर्ण मोजला जातो. मायक्रो-पार्टिशन (कोरचा अंशही घेऊ शकणारा एलपार) कॅप्ड असेल, म्हणजे ठरलेल्या वाट्याच्या वर जाऊ शकत नसेल, तरच त्यांच्या धोरणात ते हार्ड पार्टिशनिंग धरतात, म्हणजे तेवढाच भाग लायसन्ससाठी मोजतात. अनकॅप्ड ठेवून एलपारांच्या सामायिक पूलमध्ये कोर ओतलेत, की मोजणीचा आकडा तुमच्या हातात राहत नाही. मी जिथे होते तिथे कुणी विचारलंसुद्धा नाही, एलपारला दिसणारे व्हर्च्युअल प्रोसेसर वाढवून मोकळे झाले. नंतर ती मोजणी मला करावी लागली. कोरचं भाडं त्या आकड्यापुढे किरकोळ होतं.

खाजनवाला
विषय कोर परत करण्याचा आहे, लायसन्सचा नाही. आणि ते पार्टिशनिंगचं धोरण कराराचा भाग नाही, असं त्याच कागदावर लिहिलेलं आहे. करार दाखवा, मग बोलू.

शेवंती
करार काय असतो ते मला शिकवू नका. तपासणीच्या बैठकीत समोरचा तोच कागद पुढे करतो आणि आपला खरेदी विभाग गप्प बसतो. तुम्ही त्या खोलीत बसलेले नाही म्हणून तुम्हाला हे विषयाबाहेरचं वाटतं. कोर विकत घेतले काय, भाड्याने घेतले काय, एलपारला कॅप नसेल तर दोन्हीकडे बुडालात.

बार्देशकर
शेवंतीबायचं बरोबर, पण त्याच्याही आधीचं बघा. कोर हवेत हे ठरवलं कोणी? एलपारस्टॅट ही कमांड लावून फिझसी (प्रत्यक्ष वापरलेले कोर) आणि एंटायटलमेंटची टक्केवारी पाहिली का? मी पाहिलेल्या बहुतेक महिनाअखेरींत प्रोसेसर डिस्कची वाट पाहत रिकामा बसलेला होता. पूलमध्ये शिल्लक असेल तर चाचणीच्या एलपारचं वेट, म्हणजे शिल्लक वाटपातला अग्रक्रम, कमी करा, मुख्य एलपारला तेवढ्यानेच श्वास मिळतो.

पण हे सांगायचं कोणाला? निर्णय मुंबईला, मोजणी बंगळुरूला आणि पणजीच्या माणसाने फक्त केबल बघायची! सिस्टम नीट शिकलेली आमची मुलं म्हणूनच पुण्याला निघून जातात. मागे राहतो तो एकटा, आणि चतुर्थीलाही फोन त्यालाच.

रातपाळी
हे मात्र शंभर टक्के. आम्ही आयबीएमची दुसरी योजना, एंटरप्राइज पूल्स २.०, मागितली होती. त्यात बसवलेले सगळे कोर चालूच असतात, विकत घेतलेल्या पायाभूत क्षमतेच्या वर वापर गेला की मिनिटावर मोजणी. परत करायची भानगडच नाही. पण मोजणीचा डेटा एचएमसीतून आयबीएमच्या क्लाउड कन्सोलला जावा लागतो. मुंबईच्या सुरक्षा विभागाने एका ओळीत नाकारलं. गोव्यातून कुणाला त्या बैठकीला बोलावलंही नाही.

शेवंती
आणि मिनिटावरच्या मोजणीत लायसन्स सुटतं का? नाही. तिथेही कॅप घालावीच लागेल.

खाजनवाला
चवथीचा मुद्दा मानतो, मनात नसलं तरी. एका माणसाचं नाव पुरत नाही. त्या दिवशी पाळीवर जो असेल त्याच्याकडे जबाबदारी हवी, आणि एचएमसीवर कोर परत करण्याचा अधिकारही. तो नसताना रातपाळीवर बिल फाडणं हा अन्याय होता, हे स्पष्ट लिहितो. पण तुमच्या मॅनेजरने अधिकार दिला नाही म्हणून मी वर्षभराचे कोर विकत घेऊ? ते होणार नाही. खाजनाचा, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांधाने राखलेल्या शेताचा, बांध एकदा फुटला म्हणून कोणी शेत विकत नाही, बांध कुळ संघाकडून (शेत कसणाऱ्या कुळांची संघटना) बांधून घेतो.

रातपाळी
अधिकार मिळाला तर ऑन-ऑफला माझा विरोध नाही. तोवर आहे.

शेवंती
आणि तिकिटावर परत करण्याच्या वेळेच्या वर एक रकाना घाला: एलपार कॅप्ड आहे का, हो की नाही. तो रिकामा असेल तर कोर चालू करायचाच नाही, मग ३१ मार्च असो की आणखी काही.