वॉर्म म्हणजे कोमट, ऊन, उबदार की आणखी काही?

शाळेच्या शब्दार्थांत 'वॉर्म'पुढे बहुतेक 'उबदार' एवढंच लिहिलेलं असतं. मग भाषांतर करताना हात आपोआप तिकडे जातो आणि 'उबदार पाण्याने गुळण्या करा', 'पाहुण्यांचं उबदार स्वागत झालं', 'उबदार शुभेच्छांसह' अशी वाक्यं छापून येतात. मला ती फार खटकतात, कारण 'उबदार'चा प्रांत मराठीत पक्का ठरलेला आहे. थंडी बाहेर ठेवून अंगाची उष्णता जपणारी वस्तू किंवा जागा ती उबदार: गोधडी, लोकरीचा स्वेटर, घरटं, आजीची कूस. पाणी उबदार नसतं, वारा नसतो आणि जेवण तर नाहीच.

पाण्यापासूनच सुरुवात करू, कारण तिथे आपल्याकडे शब्दांची चंगळ आहे. गुळण्यांना आणि बाळाच्या अंघोळीला कोमट पाणी, अंग दुखत असलं की 'सोसवेल इतकं' ऊन पाणी, त्यापुढे गरम, त्याहीपुढे कढत. कढत पाण्यात मिसळायच्या थंड पाण्याला 'विसण' असा स्वतंत्र शब्द आहे आणि तो गिझरबरोबर हरवत चालला आहे, याचं वाईट वाटतं. थोडंसं उष्ण या कल्पनेशी आपलं नातं जुनं आहे. संस्कृतात त्यासाठी कोष्ण, कवोष्ण, कदुष्ण अशी तीन रूपं आहेत आणि 'उष्ण'च्या आधी 'थोडं' या अर्थाच्या 'कु'चं 'कव' होतं हे सांगायला पाणिनीने वेगळं सूत्र दिलं आहे.

पण कोमट म्हणजेही प्रत्येक वेळी वॉर्म नव्हे. कोमट चहा ही तक्रार असते. इंग्रजीत ताज्या पावाला वॉर्म म्हणतात ती स्तुती असते. तिथे आपला शब्द 'ऊन'. ऊन-ऊन भात, ऊन-ऊन पोळी. हे विशेषण शहरात मागे पडून सगळीकडे 'गरम' आलं, आणि ऊन म्हणजे फक्त सूर्याचं असं मुलांना वाटू लागलं. दोन्ही ऊन 'उष्ण'पासूनच आलेत. गोव्यात कोंकणीत गरम पाण्याला आजही 'हून उदक' म्हणतात. गावांच्या नावांतही हा शब्द टिकून आहे. पालीजवळचं उन्हेरे, दापोली तालुक्यातलं उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे ही सगळी गरम पाण्याच्या झऱ्यांची ठिकाणं. जळगाव जिल्ह्यातलं उनपदेव आणि नांदेड जिल्ह्यातलं उनकेश्वर हीसुद्धा त्याच माळेतली.

'गरम' आपल्याकडे फारसीतून आला. त्याचं मूळ आणि संस्कृत 'घर्म' यांचं मूळ एकच, आणि घर्माचाच पुढे आपला 'घाम' झाला. ग्रीक 'थर्मोस'ही त्याच घराण्यातला, म्हणजे घाम, गरम आणि सहलीला नेतो तो थर्मास ही भावंडं ठरतात. 'वॉर्म'लाही बरेच अभ्यासक याच कुळात बसवतात, पण त्यावर एकमत नाही.

खरी अडचण माणसांच्या बाबतीत येते. वॉर्म माणूस, वॉर्म स्वागत, पत्राखालचे वॉर्म रिगार्ड्स. हिवाळा लांबलचक असलेल्या देशात उष्णता म्हणजे सुख, तेव्हा तिथे प्रेमही उष्ण असणं स्वाभाविक आहे. विदर्भात एप्रिल-मे काढलेल्या माणसाला सुख गारव्यात दिसणार. आपल्या भाषेत लेकराला पाहून डोळे निवतात, चांगली बातमी ऐकून जीव गार होतो. त्याहून आपलं म्हणजे पाण्याचं: नात्यात ओलावा असतो, मायेला पाझर फुटतो. म्हणून वॉर्मच्या उलट मराठीत नेहमी 'थंड' येत नाही, पुष्कळदा 'कोरडा' येतो. "चार शब्द बोलले, पण अगदी कोरडे" यात जे नाही तेच इंग्रजीतलं वॉर्म. वर्तमानपत्रांतला 'थंडा प्रतिसाद' मला म्हणूनच परका वाटतो.

मायेची ऊब आपणही म्हणतो, हे खरं. पण ही ऊब जवळिकीची आहे, अंगाला अंग लागण्याची. कोंबडी 21 दिवस अंड्यांवर बसून ती उबवते, ती ही ऊब. सभागृहाच्या दारात हार घेऊन उभ्या असलेल्या समितीकडून ती कशी मिळेल? तिथे 'अगत्याने', 'आपुलकीने', 'मनापासून' हेच शब्द हवेत, आणि पत्राखाली सरळ 'सप्रेम नमस्कार' किंवा 'लोभ असावा'. शिवाय ऊब कोंडली की बिघडते. दमट कपाटातल्या कपड्यांना येतो तो उबट वास. वॉर्ममध्ये ही छटा अजिबात नाही.

हवामानाच्या बातम्यांत तर 'उबदार' धोक्याचा ठरतो. भारतीय हवामान विभागाची 'वॉर्म नाइट' ही ठरलेली संज्ञा आहे: दिवसाचं कमाल तापमान 40 अंश किंवा त्याहून जास्त असताना रात्रीचं किमान तापमान सरासरीपेक्षा 4.5 ते 6.4 अंशांनी वर राहिलं, तर ती वॉर्म नाइट. त्याहून वर गेलं तर तीव्र. अशा रात्री शरीराला निवायला वेळच मिळत नाही, म्हातारी माणसं आजारी पडतात. तिला 'उबदार रात्र' म्हटलं तर वाचणारा पांघरूण शोधेल. 'उष्ण रात्र' हाच शब्द हवा. 'ग्लोबल वॉर्मिंग'च्या बाबतीत मात्र मराठीने मूळ शब्दावर मात केली, असं माझं मत. वॉर्मिंग ऐकायला सौम्य वाटतं; 'तापमानवाढ'मधला ताप आजाराचाही आहे आणि डोक्याचाही.

दिव्यांच्या खोक्यावरचं 'वॉर्म व्हाइट' म्हणजे साधारण 2700 ते 3000 केल्विनचा (केल्विन हे तापमानाचं एकक) पिवळसर उजेड आणि 'कूल डेलाइट' म्हणजे 6500च्या आसपासचा पांढरा-निळसर. आकडा चढतो तसा रंग 'थंड' होतो, कारण ही नावं चित्रकारांच्या नजरेची आहेत. आपले चित्रकारही उष्ण रंग आणि शीत रंग म्हणतातच. उजेडाला मी 'उष्ण' म्हणणार नाही. 'पिवळसर उजेड' म्हटलं की दुकानदारालाही कळतं.

खेळातल्या 'वॉर्म-अप'ला अंग मोकळं करणं म्हणावं, वॉर्म-अप मॅचला सराव सामना. हलगीवाले मात्र वाजवण्याआधी हलगी विस्तवावर खरोखर शेकतात, म्हणजे कातडं ताणलं जाऊन आवाज कडक निघतो.

राहता राहिलं 'हाउसवॉर्मिंग'. तिकडे नव्या घरात शेकोटी पेटवून घर ऊबवायची रीत होती, त्यावरून ते नाव पडलं. आपण होम करतो, दूधही उतू घालतो, पण विधीचं नाव ठेवतो वास्तुशांत.