चुंबक दोन्हीकडे त्याच जातीचं
"फ्यूजनवाला प्राध्यापक एमआरआयमध्ये कशाला लुडबुड करतो?" असं कुणी विचारलं होतं, त्या प्रश्नाच्या उत्तरात थोडी भर घालतो. लुडबुड नाही हो, दुवा चुंबकाचा आहे. फ्यूजनमध्ये (हलक्या अणूंची केंद्रकं जोडून ऊर्जा मिळवण्यात) १५ कोटी अंशांच्या आसपास तापलेला प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा वायू) भांड्याच्या भिंतीला लागू द्यायचा नसतो, म्हणून तो चुंबकी क्षेत्रात अडकवतात. दवाखान्यातल्या १.५ टेस्ला ताकदीच्या एमआरआयमध्येही अतिवाहक (अतिथंडीत विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या तारांचं) चुंबकच असतं: नायोबियम-टायटॅनियमच्या तारा, द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंशांवर. मे महिन्यात नागपुरात धंतोलीच्या रस्त्यावर आपण ४५ अंशांत भाजून निघतो आणि भिंतीपलीकडे हे! (आपला कूलर बिचारा काय करणार.) गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतल्या एसएसटी-१ या टोकामॅकच्या (प्लाझ्मा चुंबकी क्षेत्रात अडकवणाऱ्या कड्याच्या आकाराच्या यंत्राच्या) चुंबकांतही हाच नायोबियम-टायटॅनियम आहे. तारा गुंडाळणं, थंड ठेवणं, अतिवाहकता अचानक गेली तर सांभाळणं, डोकेदुखी दोन्हीकडे सारखीच.